ज्याचं पटत नव्हतं, तो आधी

१२ जानेवारी, रविवार

आज विहारात जिजाबाईंच्या पुण्यानुमोदनाची सभा होती. नगरसेवक व्हायला निघालेले दोघे कडक पांढरे कपडे घालून पुढच्याच रांगेत येऊन बसले. जिजाबाई कोण, हे दोघांनाही माहीत नव्हतं. एकाने मला हळूच विचारलं, "मयत जेन्ट्स की लेडीज?" मला असल्या माणसांची किळस येते. बाबांनी दोघांना अगदी शेवटपर्यंत ताटकळत ठेवलं, तेव्हा जरा बरं वाटलं.

बाबांची पद्धत आता जेसल पार्कच्या आमच्या बाजूला सगळ्यांना माहीत आहे. त्रिशरण-पंचशील झालं, फोटोला फुलं वाहून झाली, की माईक बाबांकडे येतो आणि बाबा सगळ्यात आधी अशा माणसाचं नाव घेतात, ज्याचं गेलेल्याशी पटत नव्हतं. चांगलं बोलणारे थांबतात, जेवून बोलतील, असं बाबांचं म्हणणं. ज्याचा अबोला होता तो चहासुद्धा न घेता निघून जाईल आणि त्याच्याकडे जे काही आहे ते त्याच्याबरोबरच जाईल. आईच्या वेळी त्यांनी मावशीला उभं केलं होतं. मावशी कित्येक वर्षं आमच्याकडे फिरकली नव्हती. ती आधी आईला वाट्टेल ते बोलली आणि मग बोलता बोलता अशा गोष्टी सांगून गेली, की आई लग्नाआधी कशी होती ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ते मी फोनवर रेकॉर्ड केलं. तिथून आमचा पॉडकास्ट सुरू झाला, ‘बोला, ऐकतोय’. कोणी अडखळलं की बाबा एवढंच म्हणतात.

आज त्यांनी वैजयंताला बोलावलं. जिजाबाईंची सून. दोघींची भांडणं तीन इमारतींना ऐकू जायची. ती उभी राहिली, पदर खोचला आणि म्हणाली, "म्हातारी गेली, मी सुटले."

पुढच्या रांगेतले पांढरे कपडे तेवढे गालात हसले.

बाबा म्हणाले, "बोला, ऐकतोय."

"सुटले म्हनते, पन सकाळचा चहा तिच्या आधी घशाखाली उतरत नाही माझ्या. कप भरते आन् हाक मारते, ओ आत्याबाई, झाला बघा. मग माझाच मला राग येतो. लई छळलं तिनं मला. मी बी काय कमी नाही छळलं. शेवटाला तिला माझ्याच हातचं लागायचं. सख्ख्या लेकीनं भरवलं तर तोंड मिटून घ्यायची. नाटकी होती."

ती रडली वगैरे नाही. खाली बसली आणि पदराने नाक पुसलं. तिचा नवरा भिंतीला टेकून उभा होता, तो मात्र हुंदके देत होता.

रेकॉर्डिंग चांगलं आलंय. पंख्याचा आवाज आहे थोडा. तो असू दे म्हणाले बाबा.

१५ जानेवारी, बुधवार

दुसऱ्या मजल्यावरचे उत्तमकाका डायलिसिसहून आले की बाबा त्यांच्याकडे जाऊन बसतात. आज मीही गेले. काका म्हणाले, "श्रीपती, माझ्या टायमाला धर्माला पहिला उभा करायचा."

धर्माजी म्हणजे त्यांचा सख्खा भाऊ. नवघरला राहतो, रिक्षाने जायचं तर मीटरसुद्धा धड पडत नाही. पण काकांची मुलगी मिनल बालवाडीत होती तेव्हापासून दोघांचं तोंड बंद आहे आणि आता ती नोकरीला लागली. कशावरून बिनसलं ते दोघांपैकी एकानेही कधी कोणाला सांगितलेलं नाही. मिनलच्या आईला माहीत होतं, ती गेली.

मिनल तिथेच बसली होती. ती म्हणाली, "पप्पा, तुम्हीच सांगून टाका ना मला."

"मी सांगितलं तर माझ्या बाजूचं सांगीन. त्याच्या तोंडून ऐक. आमचा धर्मा कसाबी असंल, खोटं बोलणार नाय."

आणि काका हसले. मला ते हसणं बघवलं नाही, मी खिडकीतली कबुतरं बघत बसले. ती घाणेरडी कबुतरं काकांच्या कूलरवर रोज हगतात आणि कोणी काही करत नाही.

संध्याकाळी बाबा नवघरला जाऊन आले. धर्माजी म्हणाले म्हणे, "बोलेन. पन तिथं, सभेत, एकदाच. घरी येऊन बोलायचं आता होनार नाय माझ्याच्यानं." बाबा एकदम खूश होते. येताना जिलबी घेऊन आले, साखर आहे अंगात तरी.

२३ जानेवारी, गुरुवार

सूर्यरेखाचा मेल आला आहे. त्यांचं वर्तमानपत्र आहे, वाहिनी आहे, त्या वाहिनीवर रोज संध्याकाळी सहा माणसं एकमेकांवर भुंकतात आणि सातवा त्यांना चावायला लावतो. लोकांनी ते बघणं सोडलं म्हणून आता स्वारी पॉडकास्टकडे वळली आहे. ‘आपल्या अस्सल आवाजाला मोठं व्यासपीठ द्यायला आम्हाला आवडेल.’ अस्सल! तुमच्या तोंडी हा शब्द शोभतो का?

इतकी वर्षं आम्ही दोघं पंख्याच्या घरघरीसकट हे करतोय, तेव्हा कुठे होते हे लोक? आता कोणी तरी यांना सांगितलं असेल की लोक कानात बोंडं घालून तासन्‌तास साधी माणसं ऐकतात. लगेच लाळ गळायला लागली.

मेल चार वेळा वाचला. शुद्धलेखनाच्या चुका बऱ्याच आहेत. उद्या उत्तर देईन, उगाच उद्धट नको दिसायला.

२ फेब्रुवारी, रविवार

मृणालिनी नावाची बाई घरी येऊन गेली. सूर्यरेखाच्या पॉडकास्ट विभागाची प्रमुख. अत्तर एवढं, की ती गेल्यावर मी दोन्ही खिडक्या उघडल्या तरी पोह्यांना तोच वास येत होता. बाबांना ‘अंकल’ म्हणत होती. आमच्याकडे काका म्हणतात, नाही तर सर म्हणतात. अंकल कोण म्हणतं?

ती म्हणाली, "मराठीत डेथ हा इतका अंडरसर्व्ह्ड सेगमेंट आहे ना, अंकल! लव्ह आहे, क्राइम आहे, हॉरर आहे. ग्रीफ कोणीच करत नाहीये. आणि तुमचा फॉरमॅट तर किलर आहे. दुश्मन आधी!"

बाबांना वाटलं तिचा काहीतरी गैरसमज झालाय. ते शांतपणे म्हणाले, "दुश्मन नाही हो. जायची घाई असते त्यांना, म्हणून आधी."

"एग्झॅक्टली! व्हॉट अ लाइन!" आणि तिने ते फोनमध्ये टिपून घेतलं. मला शिसारी आली.

बाबांनी एकच अट घातली. कोणाचंही बोलणं मधेच तोडायचं नाही. सुरुवात ऐकवली तर शेवटही ऐकवायचा. मृणालिनी छातीवर हात ठेवून म्हणाली, "ऑफकोर्स अंकल, तोच तर सोल आहे याचा."

जाताना ती लिफ्टपाशी मला म्हणाली, की कुठे थांबायचं आणि कोणता श्वास ठेवायचा हे कळणारा असा कान तिने आजवर बघितला नाही, आणि खरी क्रिएटर मीच आहे, बाबा हा चेहरा आहे. बाई मला अजिबात आवडली नाही. पण हे ती उगाच बोलली असेल असं वाटत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

सह्या केल्या. बाबांनी विचारलं, "ती अट लिहिलीय ना त्यात?" मी म्हटलं, तोंडी ठरलंय, तुमच्यासमोरच तर म्हणाली ती. बाबांनी मान डोलावली. त्यांच्या आख्ख्या आयुष्यात सगळं तोंडीच ठरलं आहे. विहाराचा हॉल कोणाला कधी द्यायचा, स्वयंपाक कोणी करायचा, कोणी आधी बोलायचं. एक कागद नाही आणि कधी गडबड नाही.

मी ऑफिसात राजीनाम्याचं अजून काही बोलले नाही. पण शेजारचा तो पाटणकर टेबलावर पाय ठेवून अंगठ्याचं नख कापत होता, तेव्हा मनात म्हटलं, तुझे हे दिवस मला आता थोडेच बघायचे आहेत.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज जाहिरातीचं शूटिंग. रजा टाकली.

आधी घोडबंदरच्या किल्ल्यावर नेलं. बाबांना पांढरा सदरा, पांढरं धोतर. बाबांनी जन्मात धोतर नेसलेलं नाही, टेलिफोन खात्यात आयुष्यभर पँट घालूनच गेले. नेसवायला एक मुलगी होती, तिने ते पिनांनी बसवलं. मग बाबांना तटावरून खाडीकडे बघत हळूहळू चालायचं होतं. दिग्दर्शक ओरडायचा, "सर, अजून जड! खांद्यावर खूप मृत्यू आहेत असं चाला." बाबा चाललेच नाहीत तसे. त्यांना वाटेत एक ओळखीचा रिक्षावाला भेटला, त्याच्याशी हिंदीत गप्पा मारत उभे राहिले.

दुपारी मुर्ध्याला मिठागरात. मी विचारलं, मिठागराचा काय संबंध? आम्ही मूळचे परभणीचे, आमच्या सात पिढ्यांत मीठ फक्त ताटात बघितलेलं. दिग्दर्शक म्हणाला, "मीठ म्हणजे अश्रू. कळतंय का मॅडम? सबटेक्स्ट." मला ओकारी यायची बाकी होती. बाबांना अनवाणी चालवलं. तळपाय भाजले.

बांधावरून एक म्हातारी बाई टोपली घेऊन चालली होती. ती थांबली. "कोन मेलाय काय गो?" मला विचारते. मी म्हटलं, कोणी नाही, जाहिरात आहे. "कोन मेला न्हाय न् एवढी मानसा?" आणि ती जी हसत सुटली ती पार वळणापर्यंत. मृणालिनी धावत तिच्यामागे गेली, तिला कॅमेऱ्यात घ्यायला. बाईने तिला काय सुनावलं ते ऐकू आलं नाही, पण मृणालिनी हात हलवत परत आली.

गाडी एसी होती. घराखाली सोडलं तेव्हा आमच्या इमारतीतल्या चारपाच जणींनी बघितलं.

४ मार्च, मंगळवार

मृणालिनीचा फोन. पहिली झलक कापायची आहे, जुन्या सगळ्या भागांतलं सर्वात दमदार वाक्य कोणतं? त्यांच्या ऑफिसातल्या पोरांनी दोन दिवस ऐकून काय निवडलं, तर ‘मृत्यू अटळ आहे’! हे वाक्य त्या पांढऱ्या कपडेवाल्याचं आहे. मला हसू आवरेना. यांच्याकडे एवढी यंत्रं आहेत आणि एक कान नाही.

मी एका क्षणात सांगितलं. माझ्याइतकं ते कोणाला पाठ असणार? भाग, मिनिट, सेकंद, सगळं दिलं. मृणालिनीने ते ऐकून फोनवरच किंकाळी फोडली.

उत्तमकाका दवाखान्यात आहेत. बाबा दोनदा जाऊन आले.

१६ मार्च, रविवार

थू! थू! थू!

झलक आली. आधी बाबा मिठागरात. मग काळोख. मग वैजयंताचा आवाज, "म्हातारी गेली, मी सुटले." त्यावर ढोलाचा एक ठोका. संपलं. पुढचं काहीच नाही. चहा नाही, हाक नाही, काही नाही. खाली एका विमा कंपनीचं नाव.

संध्याकाळपर्यंत आमच्या इमारतीच्या ग्रुपवर ते तिघांनी टाकलं, प्रत्येकाने हसून हसून डोळ्यांतून पाणी येणारे चेहरे लावून. एकाने त्याला एका खाष्ट सुनेच्या मालिकेतलं दृश्य जोडलं. एका मुलीने त्यावर ओठ हलवून नाच केला आहे, लिपस्टिक लावून. लाखो लोकांनी बघितलं म्हणे.

मृणालिनीला सात फोन केले, तेव्हा एकदाचा उचलला. "राजश्री, ट्रेंडिंग आहोत आपण!" मी म्हटलं, आपलं काय ठरलं होतं? "अगं, पूर्ण भागात आहे ना सगळं. ज्यांना हवंय ते ऐकतील. ही नुसती हूक आहे." हूक! मासे धरायला निघालेत. या लोकांना आई-बाप नसतात का? यांच्या घरी कोणी मरत नाही का?

१८ मार्च, मंगळवार

वैजयंता आली होती. तिला बसा म्हटलं तर ती दारातच उभी राहिली. तिच्या हिंगोलीच्या नणंदेने फोन करून तिला नाही नाही ते ऐकवलं, तूच मारलंस माझ्या आईला असंही म्हणाली. नवरा बोलत नाही. ती जिथे पोळ्या करायला जाते तिथल्या शेठाणीने विचारलं, "ये तुम हो क्या?"

मी तिला सांगत होते, की आम्ही त्यांना सोडणार नाही, आमचीसुद्धा फसवणूक झाली आहे. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तुला नव्हतं सांगितलं मी ते. तुझ्या बाबांना सांगितलं. तू नुसती तिथं होतीस."

संतापाच्या भरात माणूस कोणावरही घसरतो. मी मनाला लावून घेतलं नाही.

बाबा आतून बाहेर आले आणि तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले. ती घाबरली, "नको नको, काका, तुमी नको" असं म्हणत खाली उतरून गेली.

मग बाबांनी मला विचारलं, "एवढ्या सगळ्या भागांतून त्यांना नेमकं तेच कसं सापडलं?"

आता हा काय प्रश्न झाला? कंपनी आहे, माणसं आहेत त्यांच्याकडे ऐकायला. मी तेच सांगितलं. बाबा जेवले पण अर्धंच.

३० मार्च, रविवार

सूर्यरेखाचा पहिला भाग आला. आमचा नाहीच तो. मालिकेतला एक नट घेतलाय सूत्रसंचालक म्हणून, आवाज तुपात तळलेला. जिवंत माणसं बोलावली आहेत! दोन नट्या, पूर्वी एकमेकींशी भांडलेल्या. एकीने दुसरीच्या फोटोला हार घालायचा आणि ती मेली आहे असं समजून बोलायचं, दुसरी काचेमागे बसून ऐकणार. आणि ती अडखळली की हा तूपवाला म्हणतो, "बोला... ऐकतोय." मधे तीन सेकंदांचं संगीत.

मी कानातलं काढून गादीवर फेकलं. बाबांना ऐकवलं नाही, पण त्यांना कोणी तरी सांगितलंच. ते म्हणाले, "जिवंत आहेत तर एकमेकींशीच बोलायचं की. फोटो कशाला?"

कराराची प्रत वाचली. नाव त्यांचं, पद्धत त्यांची, जुने भाग त्यांचे. मृणालिनी आता मेललाच उत्तर देते, तेही तिची सहायक देते. त्यात मला ‘डिअर क्रिएटर’ लिहिलं आहे. नाव घालायचंही राहून गेलंय.

६ एप्रिल, रविवार

समोरच्या इमारतीत हळद. डीजेने ते वाक्य गाण्यात घातलंय. "म्हातारी गेली", धाड धाड, "मी सुटले", धाड धाड. नवरीची आजीसुद्धा नाचत होती. मी खिडक्या लावल्या, पंखा पाचवर केला, तरी काचा थरथरत होत्या. किळस, किळस, दुसरा शब्द नाही माझ्याकडे. वैजयंताचं घर त्या मांडवाला लागूनच आहे.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. दर वर्षी महिला मंडळाच्या स्वयंपाकात मी असते. आज भाजी चिरायला बसले तर कढईपाशी चाललेल्या गप्पा थांबल्या. मग कोणीतरी उन्हाचा विषय काढला. सगळ्या उन्हावर बोलायला लागल्या, एक झाली की दुसरी. शेवटी मीच उठून पाण्याच्या पिंपाकडे गेले. बायकांना एकेका वेळी काय होतं कळत नाही. मी का तो ढोल वाजवला होता?

पूर्वी बाबांना जाता-येता लोक अडवायचे. आमच्या मामांच्या वेळी मला बोलवा, मला त्यांचं सांगायचं आहे, असं आधीच सांगून ठेवायचे. आज मिरवणुकीत बाबा शेवटपर्यंत चालले, सगळ्यांनी वाकून जय भीम केला आणि कोणी थांबलं नाही.

उत्तमकाका घरी आले आहेत. आता परत दवाखान्यात नेऊ नका म्हणतात. बाबांना त्यांनी पुन्हा विचारलं, "धर्माचं पक्कं ना?" बाबा म्हणाले, पक्कं.

११ मे, रविवार

उत्तमकाका सकाळी गेले. मिनलने वरून हाक मारली तेव्हा बाबा दाढी करत होते, अर्ध्या साबणासकट पळाले.

धर्माजी स्मशानात आले होते. लांब उभे होते, पण होते. बाबा त्यांच्याजवळ गेले. धर्माजींनी मान हलवली. मिनल माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "ताई, काका आले. म्हणजे सभेतपण येतील ना?" मी म्हटलं, नक्की येणार. तिला तेवढाच एक आधार आहे. बापाने सांगितलं नाही ते या एकाच माणसाकडे आहे आणि तो फक्त तिथेच बोलणार आहे.

१८ मे, रविवार

पुण्यानुमोदन झालं. जमेल तसं सगळं लिहून काढते.

मी काहीही नेलं नव्हतं. फोन पर्समध्ये, पर्स मांडीखाली. मागच्या ओळीत बसले. हॉल भरला होता. वैजयंताही आली होती, दाराशी बसली, डोक्यावरून पदर घेऊन. ती तशी कधी घेत नाही.

वंदना झाली. बाबांनी माईक घेतला आणि धर्माजींचं नाव घेतलं. मिनल पहिल्या ओळीत ताठ बसली होती, हात मांडीवर, शाळेत निकाल सांगताना मुलं बसतात तशी.

धर्माजी उठले. त्यांनी फोटोकडे बघितलं, मग हॉलवरून नजर फिरवली. बऱ्याच जणांच्या हातांत फोन होते, हल्ली असतातच. मग त्यांना मी दिसले. माझ्यावरच त्यांची नजर थांबली, यात शंका नाही. मी दोन्ही हात रिकामे आहेत हे दिसावं म्हणून ते गुडघ्यावर ठेवले.

ते म्हणाले, "माझा भाऊ फार चांगला मानूस होता. सगळ्यांना धरून होता. त्याला शांती लाभो. जय भीम."

आणि बसायला वळले. बाबा म्हणाले, "बोला, ऐकतोय."

"ऐकताय ते म्हाईत हाय," धर्माजी म्हणाले. "आता सगळेच ऐकतात." आणि खाली बसले.

बाबा माईक धरून तसेच उभे होते. असं कधी झालेलं नाही. मग त्यांनी पुढचं नाव घेतलं, काकांशी पार्किंगवरून हातघाईवर आलेल्या माणसाचं. तो म्हणाला, फार सज्जन गृहस्थ. त्यानंतरची म्हणाली, देवमाणूस. प्रत्येक जण उठला, दोन चांगली वाक्यं बोलला आणि बसला. आपल्यामागे ढोल वाजेल असं एक अक्षर कोणी तोंडातून काढलं नाही. पांढरे कपडेवाले दोघे आले होते, त्यांचं आणि बाकीच्यांचं बोलणं सारखंच वाटत होतं. अर्ध्या तासात सभा आटोपली. खिरीच्या आधीच लोक उठले.

शेवटी बाबांना दोन शब्द बोलायचे असतात. उत्तमकाकांशी त्यांची चाळीस वर्षांची दोस्ती, भांडणंही ढीगभर. बाबा म्हणाले, "उत्तम चांगला होता." एवढंच बोलून माईक बंद केला.

धर्माजी चहा न घेता निघाले. मिनल त्यांच्यामागे फाटकापर्यंत धावली. मी आतून बघत होते. ती बोलत होती, ते मान हलवत होते. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि रिक्षात बसले.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "आज सगळे खोटं बोलले. मीसुद्धा." ते माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत. चपला काढत होते. मी सूर्यरेखाला शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि शिवी बाहेरच आली नाही. तोंडात नुसती कडू चव होती.

संध्याकाळी मिनल आली, खिरीचा डबा घेऊन. मी विचारलं, काका फाटकाशी काय म्हणाले. ती म्हणाली, "मी त्यांना म्हटलं, आत नाही तर इथे सांगा, इथे कोणी नाहीये. ते म्हणाले, आता नको पोरी, कुठं काय जाईल सांगता येत नाय." मग डब्याचं झाकण लावत, माझ्याकडे न बघता, तिने विचारलं, "मला आता कोण सांगणार, ताई?"

मी म्हटलं, आपण नवघरला जाऊ. त्यांच्या घरी. उद्याच जाऊ, मी रजा काढते, मी येते तुझ्याबरोबर.

"नको, नको," ती घाईघाईने म्हणाली. "तुम्ही नका येऊ, ताई." मग तिला वाटलं असावं की मला लागलं, म्हणून तिने डबा पुढे केला आणि म्हणाली, खीर आजच संपवा, उन्हाने नासेल.